'निरसन' आणि 'व्यावृत्ती' म्हणजे नेमके काय?

भारतीय न्याय संहितेचे शेवटचे, 358 वे कलम वाचताना अडखळले. मथळा 'निरसन व व्यावृत्ती'. निरसन म्हटले की मला फक्त शंकानिरसन आठवते. शंका फिटते, मागे काही उरत नाही. मग या संहितेने जिची जागा घेतली त्या जुन्या भारतीय दंड संहितेचे निरसन झाले म्हणजे तिच्याखालचे सगळेच पुसले गेले का? आणि व्यावृत्तीचे आवृत्तीशी काही नाते आहे का? विचारण्याचे कारण असे, की शेजारच्या काकांनी मे 2024 मध्ये चोरीची फिर्याद दिली होती. 1 जुलैला नवी संहिता आली. जुना कायदा गेला, आता खटलाही गेला, असे कुणीतरी सांगितल्याने ते हवालदिल झालेत.

— ताई, आधी काकांना सांगा की फिर्याद शाबूत आहे. ती ज्याने राखली तो शब्द म्हणजे व्यावृत्तीच.

निरसनाच्या मुळाशी 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू आहे. हिंदीतला 'निरस्त' त्यातूनच आला. शंका मनातून बाहेर टाकली की शंकानिरसन, कायदा अंमलातून बाहेर काढला की त्याचे निरसन. बोलताना आपण सरसकट 'कायदा रद्द झाला' म्हणतो. पण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेला कायदाही 'रद्द' आणि संसदेने काढून टाकलेलाही 'रद्द'! पहिला मुळातच सदोष ठरतो, दुसरा काढला त्या दिवसापर्यंत पूर्ण वैध असतो. हा फरक राखायचा तर निरसन हाच शब्द हवा, वर्तमानपत्रांनीसुद्धा तो वापरावा असे मला मनापासून वाटते.

इंग्लंडमधल्या जुन्या नियमाप्रमाणे निरसन झालेला कायदा, पुरे झालेले व्यवहार सोडले तर, जणू कधी नव्हताच असे धरत. असा गोंधळ आपल्याकडे होऊ नये याची सोय 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट) आहे. 1868 आणि 1887 चे तसेच दोन कायदे एकत्र करून तो झाला. त्याचे कलम 6 सांगते, की नव्या कायद्यात वेगळा उद्देश दिसत नसेल तर निरसनामुळे आधी मिळालेले हक्क, ओढवलेली दायित्वे, झालेल्या गुन्ह्यांची शिक्षा आणि त्यासंबंधीचा तपास किंवा खटला यांना बाध येत नाही. न्याय संहितेचे कलम 358 हेच स्वतःपुरते पुन्हा सांगते, वर कलम 6 चाही हवाला देते. महाराष्ट्र राज्याच्या कायद्यांसाठी मुंबईचा 1904 चा असाच अधिनियम आहे, त्यात हीच तरतूद कलम 7 मध्ये सापडेल.

आता व्यावृत्ती. नाते आहे, दोन्हींत 'वृत्' म्हणजे वळणे. आवृत्ती म्हणजे पुन्हा वळून येणे, व्यावृत्ती म्हणजे वळवून बाजूला काढणे. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, गाईचे लक्षण असे सांगावे लागते की घोड्याची व्यावृत्ती होईल, म्हणजे तो त्यातून वगळला जाईल. तसे निरसनातून जे वेगळे काढून ठेवले, ती व्यावृत्ती.

— मग सरळ 'बचाव' का नाही म्हणायचे?

— कोर्टात बचाव आरोपीचा असतो, घोटाळा होईल. 'जतन' मात्र मला पटतो. नवा मसुदा लिहिणाऱ्यांनी 'निरसन व जतन' असे लिहिले तर काकांसारख्या माणसाला शेवटचे कलम स्वतः वाचता येईल.

— एक उपप्रश्न. निरसन करणाऱ्या कायद्याचेच पुढे निरसन झाले, तर पहिला कायदा परत येतो का?

— आपोआप नाही. केंद्रीय कायद्यांपुरते 1897 च्याच अधिनियमाचे कलम 7 पाहा, पुनरुज्जीवन करायचे असेल तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे लागते. आणि उलट बाजूने, निरसन होत नाही तोवर जुना कायदा चालूच राहतो. संविधानाचा अनुच्छेद 372 हेच सांगतो. गोव्यात तर 1962 च्या प्रशासन अधिनियमाच्या कलम 5 ने पोर्तुगीज काळचे कायदे असेच चालू ठेवले, म्हणून 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले विवाह आणि वारसाहक्काचे नियम मुक्तीनंतरही तिथल्या घराघरांत लागू राहिले.