व्यावसायिक चर्चागटात कायम वाचनमात्र राहणं मला पटत नाही

निळी शाई (धागाकर्ती):
लेखापालांचा गट घ्या, अनुवादकांचा घ्या, नाहीतर प्रोग्रामरांचा. लिहिणारी तीच ती मोजकी नावं, बाकी सगळे रोमात, म्हणजे 'रीड ओन्ली मोड'मध्ये, नुसते वाचत. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये याचं ढोबळ प्रमाणच मांडलं होतं: शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक जण बहुतेक सगळं लिहितो.

गप्पांच्या गटात यानं काही अडत नाही. कामाच्या गटात अडतं. कुणीतरी अर्धवट माहितीवर उत्तर ठोकून देतो. ते चुकीचं आहे हे कळणारे अनेक जण वाचतात आणि पुढे जातात. काही महिन्यांनी एखादा नवखा शोधत येतो. कुणी हरकत घेतलेली दिसत नाही, म्हणजे बरोबरच असणार असं धरून तो ते उत्तर कामात वापरतो. मूकवाचक कुणाचं नुकसान करत नाही असं म्हणतात, पण जाणकाराच्या गप्प बसण्याची किंमत हा नवखा मोजतो.

प्रश्न विचारून "सुटलं, धन्यवाद" एवढंच लिहून जाणारे तर जास्त खटकतात. काय केल्यावर सुटलं, ते कोण सांगणार?

वर्षभरात एकदाही न लिहिणाऱ्याचं सदस्यत्व स्थगित करावं असं माझं मत आहे.

काठावरून:
ठाम असहमत. वाचणं हे शिकणंच आहे. माणसं कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये हेच मांडलं, की माणूस धंद्यात कडेकडेनं शिरतो आणि ते कडेला असणंही रीतसर सहभागच असतो. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियातले शिकाऊ शिंपी आहेत. आधी काजं-बटणं आणि हातशिलाई, कापड बेतणं अगदी शेवटी. पहिल्याच दिवशी कात्री हातात घे असं त्यांना कुणी म्हणत नाही.

शिवाय लोक का लिहीत नाहीत, हे प्रीस, नॉनेके आणि अँड्र्यूज या संशोधकांनी २००४ मध्ये त्यांनाच विचारलं होतं. निम्म्याहून अधिक जणांचं उत्तर साधं होतं: वाचूनच गरज भागते. उगाच भर घालायची नाही म्हणून मुद्दाम गप्प राहणारेही होते. अशांना बाहेर काढून गटाला काय मिळणार?

दुसरी पाळी:
लिहिण्याची इच्छा असूनही हात बांधलेले असतात, हे कुणी लक्षात घेणार आहे का? नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम असतं. अशिलाचं प्रकरण तपशील बदलून लिहिलं तरी ओळखू येतं. त्यात त्याच गटात आपले वरिष्ठ खऱ्या नावानं बसलेले. अशा ठिकाणी "मला हे कळत नाही" असं लिहिणं म्हणजे स्वतःचं मूल्यमापन स्वतःच लिहून देणं. टोपणनावाला परवानगी द्या, मग बघा किती जण बोलतात.

निळी शाई:
टोपणनाव मान्य. पण काठावरून, तुमचा शिंपी तर माझ्या बाजूनं साक्ष देतोय. तो दुकानात नुसता बघत बसलेला नाही, बटणं लावतोय! त्याच्या हातून निघालेलं काम गिऱ्हाइकाच्या अंगावर जातं. मी कुणाकडे निबंध मागत नाही. "हा नियम आता बदलला आहे" अशी जुन्या उत्तराखाली एक ओळ पुरे. ती कुणालाही जमते.

ओळंबा:
मी एका गटाचं संचालन करतो, त्या अनुभवावरून सांगतो. सक्ती केली की "+१" (म्हणजे 'सहमत') आणि "छान माहिती" यांचा ढीग साचतो आणि त्याखाली कामाची उत्तरं गाडली जातात. सक्तीला माझा विरोध आहे.

पण गप्प बसणं हा सगळा माणसांच्या स्वभावाचा भाग आहे, हेही खरं नाही. नॉनेके आणि प्रीस यांनी २००० मध्ये ईमेल-गट तपासले. आरोग्याच्या आधारगटांत न लिहिणारे निम्म्याहून थोडे कमी निघाले, सॉफ्टवेअरच्या गटांत सुमारे ८२ टक्के. इतका फरक गटागटात पडतो, तर गटाची रीतही तपासायला हवी. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर सदस्यांना गुण मिळतात; तिथे उत्तर द्यायला सहसा गुण लागत नाहीत, पण दुसऱ्याच्या उत्तराखाली शंका लिहायला ५० गुण लागतात. म्हणजे चूक दिसलेल्या नवख्यानं आधी गुण कमवायचे, मग बोलायचं. आणि जिथे असे नियम नाहीत तिथे "आधी शोधून बघा" म्हणून फटकारणारे जुने सदस्य असतात. एकदा फटकारलेला माणूस पुन्हा लिहीत नाही, आणि ते बघणारे पहिल्यांदाही लिहीत नाहीत.

दुसरी पाळी:
+१. शेवटचं वाक्य अगदी खरं.

काठावरून:
बटणाचा मुद्दा मान्य. पण शिंप्याच्या दुकानात ते काम उस्ताद हातात देतो. इथे कोण देणार? नवख्याला मागून घ्यायचा धीर नसतो.

निळी शाई:
संचालकांनी द्यावं. सदस्यत्व स्थगित करण्याचा आग्रह सोडते, पण प्रश्न विचारणाऱ्याला सूट नको. प्रश्न सुटला की आठवड्याभरानं त्याला एकच ओळ पाठवायची: नेमकं काय केल्यावर सुटलं? आलेलं उत्तर धाग्यात सगळ्यात वर लावायचं. ओळंबा, तुमच्या गटात हे करून बघायला परवानगी असेल, तर आठवण पाठवायचं काम मी घेते. मात्र जुनी उत्तरं तपासायला आणखी दोघं-तिघं लागतील.