कारखान्यातल्या मित्राला तारण (पापातून सुटका) कसं सांगू?

चादरीच्या कारखान्यात सोबतचा मित्र विचारतो, चांगली कामं केली की तुमच्यात पण स्वर्ग मिळतो ना, मग येशू कशाला मधी? चर्चमधलं सगळं पाठ आहे पण मागाच्या खडखडाटात दोन वाक्यात सांगता येईना की ओ

उत्तर १: बायबलमधलं इफिसकरांस २:८-९ दाखवा. तारण कृपेनं, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. चांगली कामं त्याच्यामागून येतात, लगेच १० व्या वचनात आहे बघा.

उत्तर २: नुसती वचनं नका फेकू हो. लूक २३ मधला वधस्तंभावरचा गुन्हेगार सांगा, त्याला पुण्य साठवायला वेळच कुठं होता, तरी येशू म्हणाला आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील

उत्तर ३: बरोबर. पण गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात वाद नको, तो नंदीध्वजाच्या मिरवणुकीला जातो तर जाऊ द्या. सुट्टी झाल्यावर चहाला बसा, आधी त्याचं ऐका.