स्पर्धा परीक्षा : किती वर्षं द्यायची आणि थांब म्हणायचं कुणी?

माणगंगा :
माझा धाकटा भाऊ गेल्या महिन्यात २९ पूर्ण झाला. बी.एस्सी. ॲग्री. २०१९ च्या जूनमध्ये पुण्याला गेला, तेव्हापासून तिथेच आहे. आधी सदाशिव पेठेत कॉट घेतली, म्हणजे खोलीत एका पलंगापुरती जागा, भाडं वाढलं तसा लांब सरकत गेला. एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा निघाली, एकदा पुढच्या टप्प्याला, मुख्यला, थोडक्यात गेला. मी सांगलीत नर्स आहे आणि त्याचे पैसे मीच पाठवते. ते सांगायचं कारण तक्रार नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

मागच्या रविवारी त्याला न कळवता गेले. तो अभ्यासिकेत खाली चहाला गेला होता, मी त्याच्या टेबलाशी बसले. राज्यव्यवस्थेच्या पुस्तकाच्या पाठीला खाकी चिकटपट्टी, बाटली, आणि एक लांबट हिशेबाची वही. उघडली. अभ्यासिका १,२००, कॉट, मेस, झेरॉक्स, चहा दहा, चहा दहा. शेवटच्या पानांवर वर "ताईचे" असं लिहिलेलं आणि खाली दर महिन्याची रक्कम. जून २०१९ पासून. बेरीज प्रत्येक पानावरून पुढच्या पानावर ओढलेली. तो वर यायच्या आत मी वही मिटून होती तशी ठेवली.

बसमध्ये एकच विचार चालू होता. त्याने थांबायला पाहिजे हे मी चार वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. "अजून एक अटेम्प्ट दे, मी आहे" असं म्हणत राहिले ते मायेने, पण त्यामुळे त्याची सुटका झाली नाही. माझं मत आता पक्कं झालंय : पूर्णवेळ अभ्यासाला तीन वर्षं. त्यानंतर परीक्षा द्यायची तर कुठेतरी चिकटून द्यायची. आणि हे घरच्यांनी बोलायचं. पोरगं स्वतःहून बोलत नाही, त्याच्या डोक्यावर आपलेच उपकार असतात.

फायनल_की :
ताई, तुमची कळकळ समजते, पण हिशेब चुकतोय. भावाची सहा वर्षं धरताय तुम्ही. त्यातली त्याची किती ते बघा. राज्यसेवा पूर्व एप्रिल २०२० ला होती. कोरोना आला, मान्य. ती पुढे सरकत सरकत १४ मार्च २०२१ वर आली आणि ११ मार्चला, तीन दिवस आधी, पुन्हा पुढे ढकलली. पोरं पुण्यात रस्त्यावर आली तेव्हा २१ मार्चला झाली. जून २०२२ मध्ये जाहीर झालं की मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक होणार, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. वस्तुनिष्ठची तयारी केलेल्यांच्या पायाखालची सतरंजीच ओढली. पुन्हा आंदोलन, मग फेब्रुवारी २०२३ मध्ये ते २०२५ वर गेलं. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व बँकेच्या परीक्षेच्याच दिवशी आली, कृषीच्या २५८ जागाही तिच्यात घ्या अशी मागणी होती. पुन्हा पुण्यात रात्रभर रस्त्यावर ठिय्या, आणि परीक्षा गेली १ डिसेंबरला. तुमचा भाऊ ॲग्रीचा, म्हणजे त्या रात्री तो तिथेच बसला असणार.

तीन वर्षांत तीन परीक्षा वेळेवर झाल्या असत्या तर तुमचा नियम मीच पोरांना सांगितला असता. इथे तीन वर्षांत एका परीक्षेचा निकाल लागून नेमणूक झाली तरी नशीब समजायचं. २०२१ मध्ये मुख्य पास होऊन मुलाखतीची वाट बघणाऱ्या एका मुलाने पुण्यात जीव दिला. त्याने कष्ट कमी केले होते असं कोण म्हणेल? थांब म्हणायचंच असेल तर आधी सरकारला म्हणा, वेळापत्रक पाळ म्हणून.

मी ३१ चा आहे. खुल्या गटाला ३८ पर्यंत मुभा आहे. पण म्हणून ३८ पर्यंत बसायची हौस कुणालाच नसते.

व्हर्नियर :
भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, सात मशिनं. बाजू कुणाची घेत नाही, मला जे डोळ्यांनी दिसतं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला, आयटीआय टर्नर, लातूरकडचा. सहा महिन्यांत असा तयार झाला की मशीन चालू असताना पाठमोरा उभा राहून सांगायचा, "शेठ, इन्सर्ट गेलाय." म्हणजे कापणारं टोक झिजलंय, तेही नुसत्या आवाजावरून. आम्ही जॉब काढून बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजायचो, माप खरंच हललेलं असायचं. माझ्या पंचवीस वर्षांत असा कान असलेली तीनच माणसं भेटली. ड्रॉइंग एकदा बघितलं की सेटिंग त्याच्या डोक्यात तयार. घरून फोन यायला लागले, तलाठी निघणार आहे, क्लास लाव. गेला. मी अडवलं नाही, अडवणार कोणत्या तोंडाने? पण त्या पोराला कुणी कधी सांगितलंच नाही की तो हुशार आहे. शाळेत मार्क कमी म्हणजे ढ, आणि सरकारी पोस्ट निघाली म्हणजेच हुशार, एवढी एकच फूटपट्टी आहे आपल्याकडे. माझा राग त्या फूटपट्टीवर आहे.

फायनल_की :
@व्हर्नियर, दादा, एक सरळ विचारतो. पगार काय देत होता?

व्हर्नियर :
सुरुवातीला १४, सोडताना १९ हजार. बारा तासांची पाळी, ओव्हरटाइम वेगळा. पीएफ होता.

फायनल_की :
तलाठ्याचं मूळ वेतनच २५,५०० पासून सुरू होतं, वर भत्ते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले, खुल्या गटाची फी हजार रुपये होती तरी. ही पोरं बारा तास उभं राहून १९ हजार आणि मंदी आली की घरी, हे बघूनच अर्ज करतात. तुमच्या पोराच्या कानाला ४० हजार मिळाले असते तर तो गेला नसता.

व्हर्नियर :
खरं आहे. ४० मला परवडत नाहीत, माझं बिल वरच्या कंपनीकडून चार-चार महिने निघत नाही. पण तुझं म्हणणं मी खोडत नाही.

कोरडवाहू :
मी बाप आहे, त्या बाजूनं लिहितो. जालना जिल्हा, चार एकर, कापूस आन् सोयाबीन. पोरगा पाच वर्षं संभाजीनगरला होता. मागच्या दिवाळीत मी म्हणालो, बाबा आता बस कर. त्यानं ऐकलं. गावात आला. आता सकाळी रानात जातो, दुपारी येतो, जेवतो, कुणाशी बोलत नाही. पारावर लोक विचारतात, काय साहेब, कधी लागताय? त्या एका प्रश्नापायी तो पाराकडं फिरकत नाही.

सोयरीक जमत नाही. पोरीचे बाप पहिला प्रश्न विचारतात, नोकरी कुठं? शेती हाय म्हणलं की चहा पिऊन उठतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात पोरांनी नवरदेवाचे कपडे घालून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. टीव्हीवर लोक हसले. आमच्या घरात कुणी हसलं नाही.

ताई, थांब म्हणणं सोपं हाय. थांबून तो कुठं उभा राहणार, ते आधी बघा, मग म्हणा. मी ते बघितलं नाही.

खोली_नऊ :
सगळे "पोरगा, पोरगा" म्हणताय म्हणून लिहावंसं वाटलं. मी २६ वर्षांची मुलगी, परभणीकडची. माणगंगा ताई, तुमचा तीन वर्षांचा नियम माझ्या घरी लागू केला तर ती माझ्या लग्नाची तारीख होते.

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींची लग्नं बारावी ते पदवीच्या मध्ये झाली. मी पुण्यात आहे कारण "तिचा अभ्यास चालू आहे" हे एकच उत्तर आमच्या नात्यात चालतं. "तिला नोकरी करायची आहे" चालत नाही. "तिला इतक्यात लग्न करायचं नाही" तर अजिबातच नाही. आम्ही सहाजणी एका खोलीत राहतो. एकजण पोलीस भरतीची आहे, पहाटे साडेचारला उठून ८०० मीटरचा सराव करायला जाते. गावात ती पळाली असती तर चार घरांतून निरोप आले असते. इथे तिचं टायमिंग तीन मिनिटं चौदा सेकंदांवर आलंय, आणि तिला स्वतःच्या पायांचा अभिमान वाटतो हे ती आल्या आल्या चपला काढताना कळतं.

पोस्ट निघेल की नाही माहीत नाही. पण या चार वर्षांत मी बँकेत एकटी जायला शिकले, घरमालकाशी भांडून डिपॉझिट परत घेतलं, ग्रामसभेचे अधिकार काय असतात ते माझ्या वडिलांना, जे तीन वेळा सदस्य होते, त्यांना समजावलं. याला वाया गेलेली वर्षं म्हणू नका. कळकळीने सांगते.

पोस्टहोल्डर :
माझी सहाव्या प्रयत्नात एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षकाची, पोस्ट निघाली. गावात फ्लेक्स लागले, मिरवणूक झाली, आता क्लासवाले भाषणाला बोलावतात. मी जात नाही. त्याचं कारण इथे सांगतो.

आम्ही चौघं एका खोलीत होतो. एकाच ताटातली भाकरी, एकाच नोट्स, शंका आली की रात्री दोनला एकमेकांना उठवायचो. चौघांत गणित आणि बुद्धिमत्ता माझं सगळ्यात कच्चं. ते मला ज्याने शिकवलं तो दीड मार्काने गेला, आणि ज्या प्रश्नाने गेला तो फायनल कीमध्ये, म्हणजे आयोगाच्या अंतिम उत्तरसूचीत, रद्द झाला होता. मी भाषणात काय सांगू, मेहनत केली की मिळतं? त्याची मेहनत मी बघितलीय.

म्हणून मी माणगंगा ताईंच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणाने. जागा हजार आणि उमेदवार लाखात असताना न निवडलेला माणूस नापास नसतो, आणि ज्याच्याकडे दुसरं काही हातात नसतं त्याला मात्र तसंच वाटत राहतं. स्वप्नील कुसाळेचं बघा. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, २०१५ पासून मध्य रेल्वेत टीसी. नोकरी सांभाळून नेमबाजी केली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हातात पगार असला की नेम धरताना हात कापत नाही.

खोली_नऊ :
@पोस्टहोल्डर, दादा, त्यांना रेल्वेत नोकरी खेळामुळे मिळाली आणि ती टिकली म्हणून पुढचं झालं. म्हणजे आधी कुणीतरी नोकरी दिली. आम्हाला ती कोण देणार? सरकारची कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना दहा हजार, आधी सहा महिने, मग ते अकरा केले. माझी मैत्रीण पंचायत समितीत होती. काम सगळं शिकली, मुदत संपली, घरी.

पोस्टहोल्डर :
हो. हे बरोबर आहे तुझं. माझ्याकडे याला उत्तर नाही.

माणगंगा :
सगळं दोनदा वाचलं. खोली_नऊ, तुझ्या पोस्टनंतर तीन वर्षांचा सरसकट नियम मी मागे घेते. माझं स्वतःचं नर्सिंग झालं ते वडिलांनी लग्न दोन वर्षं थोपवलं म्हणून, आणि हे मी विसरले होते. तू अभ्यास सोडू नकोस.

कोरडवाहू काका, तुमचं "कुठं उभा राहणार ते आधी बघा" हे वाक्य घेऊन मी परवा भावाला फोन केला. वही बघितल्याचंही सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बेरीज बरोबर होती का?" मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे, पण ती वही आता बंद.

तासगाव भागात आमच्या मामांच्या ओळखीचं कृषी सेवा केंद्र आहे. कीटकनाशकाच्या परवान्याला कृषीची पदवी-पदविका असं शिक्षण असलेला माणूस लागतो, म्हणून त्यांना पदवीधर हवाच आहे. त्यांनी सांगितलं, नुसतं दुकानात बसवणार नाही, द्राक्षबागांवर पाठवणार. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर डाऊनी रोग आला की शेतकऱ्याला रात्री दहालाही फोनवर माणूस लागतो. भाऊ कॉलेजात असताना पानाचा मागचा भाग बघून रोग सांगायचा, सर त्याला पुढे बोलवायचे. हे तोच विसरला होता, मी आठवण करून दिली. तो येतोय. राज्यसेवा सोडणार नाही म्हणाला, मीही सोड म्हटलं नाही. फायनल_की, तुमचं म्हणणं मान्य आहे, पण वेळापत्रक सुधारेपर्यंत त्याला त्या कॉटवर बसवून ठेवायला माझं मन घेत नाही.

आता एकच अडचण आहे. वर्णनात्मक पेपर, मुख्यचे १,७५० मार्क, आणि गावात उत्तरं तपासणारं कुणी नाही. तासगाव-विटा भागात रात्री आठनंतर उघडी असणारी अभ्यासिका कुणाला माहीत आहे का?

फायनल_की :
अभ्यासिकेचं माहीत नाही ताई. पण त्याला सांगा, रोज एक उत्तर लिहून फोटो मला पाठव. मी तपासतो. माझं मी त्याला पाठवीन, कृषीच्या प्रश्नांत माझी बोंब आहे.