जुन्या मिलिटरी फुटेजमधला जनरल कोण, सोहळा कसला, कसं ओळखायचं?

रीळवेडी
मंडळी, जरा मदत हवीये. अमेरिकन आर्मीचं जुनं फुटेज बघतेय, त्यांच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवरून फुकट उतरवता येतं त्यातलं, ब्लॅक अँड व्हाइट, आवाज अजिबात नाही. मैदानावर पलटण उभी, एक वयस्कर अधिकारी जीपमधून उतरतो, तोफांचा धूर दिसतो, मग दुसरा कोणीतरी त्याच्या छातीवर काहीतरी लावतो, हस्तांदोलन, आणि मग सगळे समोरून मार्च करत जातात. संपलं. वर नुसतं 'ऑनर सेरेमनी' लिहिलंय, ना नाव ना साल. तोफा मोजल्या तर सहा भरल्या, सहाची सलामी असते का कुठे? एका छोट्या डॉक्युमेंटरीत टाकायचंय आणि भलत्यालाच भलता जनरल म्हणून खपवायचं नाहीये. चेहऱ्यावरून शोधायला गेले तर सगळे जनरल एकमेकांचे भाऊ वाटायला लागले.

तोफखाना
सहाची नसते. त्यांच्याकडे एका स्टारवाल्या ब्रिगेडियर जनरलला 11, दोनला 13, तीनला 15, चारला 17, आणि आर्मीच्या चीफ ऑफ स्टाफला किंवा पाच स्टारवाल्याला 19. सगळे विषम आकडे. पण फिल्मवरचा धूर मोजून काही हाती लागत नाही हो, कारण सिग्नल कोअरच्या (आर्मीची संदेशवहन शाखा, शूटिंगही तीच करायची) कॅमेरामनकडे बहुतेक वेळा आयमो कॅमेरा असायचा, किल्ली देऊन चालणारा, आत 100 फुटांचं रीळ. 24 फ्रेमच्या स्पीडला मिनिटाला 90 फूट फिल्म जाते म्हणजे अख्खं रीळ मिनिटभरात खलास, तो माणूस सतराच्या सतरा तोफा कशाला घेत बसेल, दोनचार बार टिपायचे आणि पदक लावायच्या आधी पळत पुढे जाऊन जागा धरायची. तुम्ही निशाण बघा, म्हणजे जनरलचा स्वतःचा झेंडा. आर्मीच्या जनरलचं निशाण लाल, त्यावर पांढरे स्टार, तुमच्या फिल्ममध्ये लाल काळपट दिसेल पण स्टार मोजता येतील. जीपच्या पुढच्या पाटीवरही बऱ्याचदा तेवढेच स्टार असतात.

बिगुलवाला
वरच्यात थोडी भर. निशाण ज्याचं आहे तोच सत्कारमूर्ती असेल असं नाही, पदक द्यायला आलेल्या मोठ्या साहेबाचंही असू शकतं, त्यामुळे खांद्यावरचे स्टार क्लोजअपमध्ये ताडून बघा.

आवाज असता तर आणखी सोपं गेलं असतं, ड्रम आणि बिगुलची एक छोटी सलामी वाजते, एका स्टारला एकदा, दोनला दोनदा, अशी चारपर्यंत, आणि लगेच पुढे 'जनरल्स मार्च' ही धून. पण साउंडचा सरंजाम वेगळा आणि जड, म्हणून फील्डवरचं बरंचसं शूटिंग मुकंच झालेलं आहे. यूट्यूबवर लोक त्याच्यावर वाट्टेल तो बँड चिकटवतात ते बघून डोकं उठतं. कृपया तुम्ही तसं करू नका, जमिनीवर दोन स्टारवाला आणि कानात चारवाली सलामी, जाणकार लगेच हसतात.

सोहळा कसला ते हातांवरून कळतं. रेजिमेंटचा किंवा डिव्हिजनचा झेंडा एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेला तर कमांड बदलतेय. नुसतं पदक लावून पलटणीची पाहणी आणि मार्चपास्ट असेल तर सन्मान किंवा रिटायरमेंट, आणि हे दोन पुष्कळदा एकाच दिवशी उरकतात, जाता जाता डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, म्हणजे मोठ्या सेवेबद्दलचं पदक.

निळी_शाई
सालासाठी राष्ट्रध्वज बघ. 48 स्टार असतील तर सरळ चौकटीत, 6 ओळी, प्रत्येकीत 8, आणि 4 जुलै 1959 नंतर 49, पुढच्या 4 जुलैपासून 50. पन्नासवाल्यात ओळी एकाआड एक सरकलेल्या असतात, त्यामुळे अंधूक फुटेजमध्येही फरक कळतो. फक्त जुना झेंडा बदलायला एखाद्या तळावर उशीर झाला असू शकतो, म्हणजे 48 दिसले तर 'साधारण 59 च्या आधी' एवढंच म्हण. शेजारी आर्मीचा स्वतःचा ध्वज, त्यावर लढायांच्या नावांच्या खूपशा फिती, असा दिसला तर 1956 नंतरचं नक्की, तो त्या वर्षीच आला.

अजून एक, रिबन (पदकांच्या फिती) उजव्या छातीवर दिसल्या तर लगेच 'स्कॅन उलटा झालाय' म्हणू नकोस. वैयक्तिक पदकं डावीकडे पण तुकडीला मिळालेले मान सोनेरी चौकटीत उजवीकडे लावतात. जीपच्या पाटीवरची अक्षरं उलटी असली तर मात्र स्कॅन उलटाच.

रीळवेडी
भारी! परत जाऊन फ्रेम फ्रेम बघितलं. स्टार सरळ चौकटीत, म्हणजे 48. आर्मीचा ध्वज कुठेच नाही. खांद्यावर दोन स्टार, आणि निशाणावर तीन, म्हणजे बिगुलवाल्यांचं बरोबर, निशाण पदक देणाऱ्याचं. झेंडा हातोहात गेलेला नाही. आता नाव कसं काढू?

तोफखाना
रिळाच्या सुरुवातीला पाटी धरलेली आहे का बघा, अर्धा सेकंद असते, प्लेयरमध्ये सटकन निघून जाते. तिच्यावर रिळाचा नंबर असला तर काम झालं. सिग्नल कोअरचा बहुतेक माल आर्काइव्हजमध्ये रेकॉर्ड ग्रुप 111 या गटात ठेवलाय, कॅमेरामनने टाइप करून दिलेली कॅप्शनशीट मिळाली तर तिच्यात तारीख, ठिकाण, कोण कुठून कुठे चाललंय सगळं असतं. आर्काइव्हजला मेल टाका आणि मेलमध्ये दोन स्टार, तीन स्टार, 48 चा झेंडा हे आधीच लिहा, त्यांचं शोधणं सोपं होईल. सरकारी कॅमेरामनने ड्युटीवर शूट केलेलं असल्यामुळे अमेरिकेत कॉपीराइटचा त्रास नाही. मध्येच एखाद्या खासगी न्यूजरीलचा तुकडा जोडलेला नाही ना, एवढं मात्र तपासा.