'विसावा' म्हणजे आराम की मधला थांबा?

नाशिकच्या शरणपूर रोडच्या मागे आमच्या जुन्या शेजारीण मावशी राहतात, ख्रिस्ती आहेत, काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. त्यांच्या कॅलेंडरवर बायबलचं वचन छापलंय, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन". मी सहज बोलून गेलो की मावशी, तुम्हाला कुठे मिळाला विसावा, दोन वर्षं बघतोय, दवाखाना नि घर, घर नि दवाखाना. तर म्हणाल्या, "अरे, मिळतोय म्हणून तर दवाखाना होतोय." तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. विसावा म्हणजे विश्रांतीच ना? की काही वेगळं?

उत्तर: वेगळंच आहे. त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वाटेत दुपारचा विसावा असतो, तिथे कोणी मुक्काम करत नाही, पाणी प्यायचं, पाय चोळायचे, परत चालायचं. विश्रांतीला काम संपलेलं लागतं, विसाव्याला नाही. अंत्ययात्रेतसुद्धा तिरडी मध्ये एकदा खाली ठेवतात त्या जागेला विसावाच म्हणतात, आणि तिथे खांदेकरी बदलतात. ओझं तेच. ग्रीक मूळ क्रियापदातही म्हणे 'थांबणे' आहेच, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याने मस्त शब्द पकडलाय.

उत्तर: पुढचं वाचलंत का कोणी? हे वचन मत्तयच्या शुभवर्तमानातलं, 11:28, त्यानंतर लगेच 29 ला येशू म्हणतो माझे जू आपणांवर घ्या. म्हणजे विसावा देतो म्हणाला आणि वर जू ठेवलं! मी निफाडकडचा, घरी बैल होते, म्हणून सांगतो, जू दोन मानांचं असतं, एकट्या बैलाला काय करायचंय त्याचं. नव्या गोऱ्ह्याला शिकवायचं तर मुरलेल्या बैलाशेजारी जुंपायचं, जास्तीचा ओढा तो घेतो. 30 मध्ये 'माझे जू सोयीचे' असं आहे, सोयीचे म्हणजे मानेला नीट बसणारं, सोलत नाही असं. आता येशूच्या मनात जोडीदार बैल होता का, ते मी छातीठोक सांगणार नाही, पण मराठी शेतकऱ्याला तेच दिसणार.

उत्तर: मी चर्चमधलीच, थोडी भर घालते. आमच्याकडे दुःखात असलेल्याला 'सांत्वन' म्हणतातच, पण मला योहानाच्या शुभवर्तमानातला 'कैवारी' जास्त आवडतो, पवित्र आत्म्यासाठी आलाय. ग्रीक पॅराक्लेतॉस म्हणजे शेजारी बोलावलेला, वकिलासारखा. सांत्वन करणारा दोन शब्द बोलून घरी जातो, कैवार घेणारा भांडायला उभा राहतो. आणि हे शब्द परके वाटत नाहीत याचं कारण आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांची वारकरी बोलीशी सोयरीक आहे, ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जाता जाता, शरणपूर नावात शरण आहे हे तिथे रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. 1850च्या दशकात मिशनने वस्ती वसवली, पुढे गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे राहून शिकली, त्यांच्यासाठी नाव अगदी अक्षरशः खरं होतं.

फक्त एक, विसावा मरणासाठीही वापरतात हो. 'प्रभूमध्ये विसावा घेतला' असं लिहितात. तेव्हा 'मधला थांबा' सगळीकडे बसणार नाही.

प्रश्न विचारणारा: सगळ्यांचे आभार. काल मावशींना हे सगळं वाचून दाखवलं, बैलाचं ऐकून काका पण हसले. शेवटचं, मरणाचं वाचायचं नव्हतं खरं तर, ओघात वाचून गेलो आणि जीभ चावली. मावशी म्हणाल्या, "तो विसावा एवढ्यात नको बाबा, आपला पालखीचाच बरा. मंगळवारची रिक्षा सांगून ठेवलीस का?"