म्हशीच्या पिट्युटरीतला एलएच सीएम कॉलमला धरतच नाही

प्रश्न
म्हशीच्या गोठवलेल्या पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी), १०० ग्रॅम; त्यातला एलएच (ल्युटिनायझिंग हार्मोन) शुद्ध करतोय. ०.१५ मोलर अमोनियम सल्फेट, पीएच ४.०, पाचपट आकारमानात अर्क. मेटाफॉस्फोरिक आम्लाने पीएच ३.० करून गाळ टाकला, वरच्या द्रवातून अमोनियम सल्फेटने पेलेट (तळाला बसलेला गाळ) घेतला. रात्रभर एकदा डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून मीठ बाहेरच्या बफरमध्ये काढणं), मग सीएम-सेफॅरोज (धन प्रभाराची प्रथिनं धरणारा कॉलम), १० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट, पीएच ५.५. एलायझात (प्रतिपिंडांनी मोजण्याची चाचणी) जवळपास सगळा एलएच फ्लो-थ्रूमध्ये (कॉलमला न चिकटता निघून गेलेला द्रव) दिसतो. १ मोलर ॲसिटेटने सुटलेल्या भागाला २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणात नगण्य पीक. जेलवर ३० केडीएला (किलोडाल्टन; अख्ख्या एलएचची जागा) काहीच नाही, १५ ते २० मध्ये दोन पट्टे. प्रोटीएजने (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) तुकडे केले का?

प्रतिसाद १
कॉलम ठीक आहे, मीठ उरलंय, म्हणून एलएच त्याला चिकटत नाही. पेलेट स्वतःच बरंच सल्फेट धरून ठेवतो, एका डायलिसिसने ते जात नाही. ५० पट बफर, किमान तीन बदल, ४ अंशांवर. शेवटच्या बदलातलं बाहेरचं पाणी थोडं घेऊन त्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाका: पांढरट झालं तर सल्फेट आहेच. नमुन्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचं माप) कॉलम-बफरइतकी आल्याशिवाय लोड करू नका. मीठ उतरताना ढगाळपणा येतो, तो आधी सेंट्रिफ्यूजने काढा, नाहीतर कॉलम तुंबेल. फ्लो-थ्रू फेकू नका, पुन्हा डायलाइज करून चढवा.

२८० च्या पीकवरून माल जोखू नका. गाय-मेंढीच्या एलएचमध्ये ट्रिप्टोफॅन (२८० वर जोरात शोषणारं अमिनो आम्ल) नाही, म्हशीचंही तसंच धरून चाला. शोषण मुळातच कमी असतं.

प्रतिसाद २
दोन पट्टे म्हणजे तुकडेच असं नाही. एलएचची अल्फा आणि बीटा उपएककं (त्याच्या दोन साखळ्या) एकमेकांशी सहसंयुज बंधाने जोडलेली नसतात, एसडीएसमध्ये (प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) उकळलं की सुटतात. शेजारच्या लेनमध्ये न उकळलेला, मर्कॅप्टोइथेनॉल (गंधक-बंध तोडणारं रसायन) नसलेला नमुना चालवा. तिथे वरचा पट्टा आला तर रेणू शाबूत आहे. नाही आला तर आम्लाच्या टप्प्याकडे बघा. पीएच ३ वर थंडीत, आणि जरुरीपुरताच वेळ ठेवायचं; उष्णता आणि आम्ल मिळून जोडी फोडतात.

पीएमएसएफ (प्रोटीएज रोखणारं रसायन) पाण्यात टिकत नाही, होमोजिनेट करतानाच घाला.

प्रतिसाद ३
बीटावरची प्रतिपिंडं सुटं बीटाही पकडतात, म्हणून एलायझाचा आकडा पुरेसा नाही. उंदराच्या वृषणातल्या लेडिग पेशींवर टेस्टोस्टेरॉन मोजा, तिथे फक्त जोडीच चालते. आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरी हार्मोन) तपासायला विसरू नका: अल्फा दोघांचं एकच, त्यामुळे अल्फावरच्या प्रतिपिंडाने फरक कळणारच नाही.

प्रश्नकर्ता
बेरियमचा थेंब टाकला. बाहेरचा बफर दुधासारखा झाला. डायलिसिस पुन्हा लावतोय.