गायरानाच्या माळावर झाडं लावायचं ठरलंय, थांबवू कसं?

आमचं गाव सोलापूरकडच्या नान्नजपासून जवळ. गावाला चाळीसेक एकर गायरान आहे, सगळा मुरमाड माळ, कुसळी आणि पवन्या गवताचा. येत्या पावसाळ्यात तिथं जेसीबीनं खड्डे घेऊन गिरिपुष्प लावायचं गावातल्या पोरांनी ठरवलंय. पोरं आपलीच, मनानं चांगली. "पडीक रान हिरवं होईल" म्हणतात.

पण ते पडीक नाही हो. आज्याच्या मागं मेंढरं घेऊन मी याच माळावर वाढलो. गेल्या एप्रिलात धाविक पक्ष्याची दोन अंडी बघितली, उघड्या मुरमावर. पाय पडायची वेळ आली तेव्हा दिसली. ओढ्याच्या अंगाला लांडग्याची जोडी असते. आज्यानं इथं माळढोक पक्ष्याचा नर गळ्याची पिशवी फुगवून नाचताना बघितलाय. मला तो एकदाच दिसला, शाळेत असताना. झाडाला नको म्हणणारा माणूस गावात वेडाच ठरतो. काय करू?

वडाळ्याहून
वेडे नाही तुम्ही. माळढोकाला लांबवर मोकळं दिसावं लागतं, अंडं एकच आणि तेही जमिनीवर. काळविटाचंही तेच, धोका लांबून दिसला तरच त्याला पळता येतं. गिरिपुष्प दाटलं की खाली गवत धरत नाही, मग मेंढरांनी खायचं काय? पोरांना नुसतं नको म्हणू नका, दुसरी जागा द्या. शाळेचं आवार, रस्त्याची कड, शेताचे बांध. लिंब, बाभूळ, चिंच तिथं लावा.

कागदपत्रं बघणारा
विषय ग्रामसभेत लेखी द्या, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) पोच घ्या. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हा माळ, गवतं, धाविक, लांडगा सगळं तारखेसह लिहून घ्या.

एक मात्र सांभाळा: सभेत "अभयारण्य" हा शब्द काढू नका. १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, गावंच्या गावं आणि शेतं त्यात गेली. पुढं ते सव्वाबाराशेवर आलं, पण लोकांच्या मनातली जमिनीची भीती गेली नाही. तुम्ही "आपलं गायरान, आपला चारा" असंच बोला. ते खरंही आहे.

मेंढरंवाली
दादा, लांडग्याचं लपवू नका. आमची दोन कोकरं नेलीत त्यानं, राग येतोच. पण वनरक्षकाला लगेच कळवून पंचनामा केला तर भरपाई मिळते, हे सभेत सांगा. आणि धनगरांना पुढं बसवा. माळ कुणाला लागतो ते आमच्याइतकं कोण सांगणार?

प्रश्न विचारणारा
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं बरोबर आहे, मी लांडग्याचं टाळणारच होतो. अर्ज आज दिला, पोच घेतली. रविवारी पहाटे सहाला त्या पोरांना माळावर घेऊन जातोय, चौघं येतो म्हणालेत. चंडोल त्या वेळेला वर चढून गातो, तेवढं तरी ऐकवतो. आज्याला मोटरसायकलवर बसवून आणणार आहे, माळढोक कुठं नाचायचा ती जागा त्यानंच दाखवायची.